पांढरे पंजे, सावळी त्वचा आणि स्वभाव

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अमृततुल्याबाहेर पसरलेला गावठी कुत्रा नीट पाहा. अंगावर थोडंच पांढरं असेल तर ते बहुधा पंजांवर, छातीवर, कपाळावर किंवा शेपटीच्या टोकाला असतं. पाठीवर सुटा पांढरा डाग क्वचितच दिसतो. कारण रंग बनवणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, गर्भात पाठीच्या बाजूला ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाच्या पट्ट्यातून निघतात आणि तिथून अंगभर पसरतात. त्या कमी पडल्या, उशिरा निघाल्या, की लांबची टोकं कोरी राहतात.

भीतीच्या क्षणी अॅड्रेनॅलीन हे संप्रेरक सोडणारा, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा गाभाही याच पट्ट्यातून घडतो. मग रंग आणि भित्रेपणा बरोबरीने बदलतील का? सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून सैबेरियात रुपेरी कोल्ह्यांची पैदास केली. निवडीचा निकष एकच, माणसाला कोण कमी बुजतं. काही पिढ्यांतच शेपटी हलवत जवळ येणारी पिल्लं जन्मली, आणि काहींच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. २०१४ मध्ये संशोधकांनी याची सांगड न्यूरल क्रेस्टशी घातली. ही कल्पना मला फार देखणी वाटते, पण ती सिद्ध झालेली नाही. या कोल्ह्यांचे पूर्वज कॅनडातल्या फर-फार्मवरचे होते, आणि तिथे ठिपकेवाले कोल्हे आधीपासूनच होते.

एक धागा मात्र पक्का आहे. मेलॅनोसाइट आतल्या कानातही लागतात. म्हणूनच निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं पुष्कळदा बहिरी असतात, डाल्मेशियन कुत्र्यांतही जन्मजात बहिरेपणा बराच आढळतो. हाकेला न येणारं, झोपेत हात लावताच दचकून चावणारं असं कुत्रं खुनशी ठरतं. त्या बिचाऱ्याला ऐकूच येत नसतं.

आता माणूस. अनेक प्राण्यांत गडद रंगाचे नर जास्त आक्रमक असतात, असं २००८ च्या एका आढाव्यात मांडलं होतं. रंग ठरवणारी काही संप्रेरकं मेंदूवर आणि शरीरावरही परिणाम करतात, हे त्यामागचं स्पष्टीकरण. २०१२ मध्ये एका लेखाने हेच माणसाच्या वर्णाला चिकटवलं. मूळ आढाव्याच्या लेखकांनी माणसांत असा संबंध अपेक्षित नाही, असं लिहून ठेवलेलं असतानाही! पुढे नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, आणि ते योग्यच झालं.

कुत्र्याच्या पांढऱ्या पंजात रंगपेशीच नसतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत मात्र त्यांची संख्या जवळपास सारखी असते. फरक असतो तो मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आणि कोणतं बनतं याचा. भारतीयांच्या वर्णातल्या फरकात मोठा वाटा असलेलं ‘एसएलसी२४ए५’ हे जनुक रंगपेशीच्या आतच काम करतं. पुण्यातल्या वधूवर सूचक मंडळांच्या फॉर्मवर ‘वर्ण’ हा रकाना अजून दिसतो. त्यावरून कुणाचा स्वभाव कळणार नाही.

कोडाचंही तेच. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी मारते, बहुधा जन्मानंतर कित्येक वर्षांनी. ते स्पर्शाने पसरत नाही, आणि हातावर चट्टा उमटला म्हणून माणूस बदलत नाही. बदलतात ते आजूबाजूचे, आणि खरा त्रास होतो तो त्यांचाच.