हप्ता, लाळ आणि कॉर्टिसोल

'हप्ता आला का गं?' ऑगस्ट २०२४ पासून महाराष्ट्रातल्या बायका एकमेकींना हे विचारत आल्या आहेत. लाडक्या बहिणींना महिना १५०० रुपये, आणि वर ढकलपत्रं फुकट: 'अशा पैशाने बायका आळशी होतात, खचतात.' मदत घेणाऱ्या बायकांमध्ये नैराश्य जास्त आढळतं, हे अमेरिकेतले जुने आकडे त्याला पुरावा म्हणून जोडलेले. हे म्हणजे मेडिकलसमोर आजारी माणसं दिसतात म्हणून दुकानदाराला दोष देणं. गरिबीने मन खचतं, आणि खचलेल्या मनाने कामही सुटतं. आधी काय झालं, हे नुसती शिरगणती करून कसं कळणार?

त्यावर उपाय म्हणजे पैसे कुणाला द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवणं, म्हणजे मिळालेले आणि न मिळालेले आधी सारखेच असतात. केनियातल्या रारिएडा भागात २०११ ते २०१३ या काळात गरिबांना थेट पैसे देणाऱ्या 'गिव्हडायरेक्टली' संस्थेने गवती छपराच्या घरांतून चिठ्ठ्यांनी काही घरं निवडली आणि मोबाइलवर एम-पेसाने पैसे पाठवले. कुणाला २५,२०० शिलिंग, कुणाला ९५,२००. पैसे नवऱ्याला की बायकोला, एकरकमी की महिन्या-महिन्याला, हेही नशिबावर सोडलं. हाउसहोफर आणि शापिरो या संशोधकांनी मग लोकांना प्रश्न विचारलेच, शिवाय त्यांची लाळही घेतली.

लाळच का? तिच्यात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजता येतं. काळजी वाटली की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यामुळे पीयूषग्रंथी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते, आणि ते रक्तातून मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचलं की कॉर्टिसोल तयार होतं. ते वाढलं की मेंदूच वरून नळ बंद करतो, टाकी भरल्यावर बॉलकॉक करतो तसा. रक्तातलं बरंचसं कॉर्टिसोल प्रथिनांना चिकटलेलं, म्हणजे निष्क्रिय असतं. मोकळं असतं तेवढंच लाळेत झिरपतं आणि तेवढंच कामाचं. सुई नको, डॉक्टर नको. गोम एकच: उठल्यावर अर्ध्या तासाने ते शिखर गाठतं, मध्यरात्री तळाला जातं. त्यात वर्षानुवर्षांच्या ताणाने हा चढउतारच सपाट होऊ शकतो, कधी पातळी उलट खालीही येते. म्हणून 'कॉर्टिसोल उतरवणारा काढा' विकणाऱ्याला आधी विचारावं, किती वाजताचं?

निकाल गमतीचा लागला. प्रश्नावलीत आनंद आणि समाधान वाढलं, ताण आणि नैराश्य घटलं. लाळेत मात्र सरसकट फरक नाही! गट पाडले तेव्हा चित्र उलगडलं: पैसे नवऱ्याऐवजी बायकोच्या हातात पडले तिथे कॉर्टिसोल कमी. रक्कम मोठी होती तिथे कमी, आणि एकरकमी मिळाली तिथेही. गट पाडत गेलं की काहीतरी सापडतंच, त्यामुळे यावर फार उड्या मारू नयेत. तरी मला यातलं 'कुणाच्या हातात' हेच सगळ्यात बोलकं वाटतं. बाईच्या काळजीत तेल-मिठाच्या हिशेबाबरोबर ते कुणाकडे मागायचं, हेही असतं.

आपल्याकडे पैसे बाईच्याच खात्यात येतात, एवढी बाजू जुळते. पण रक्कम लहान, हप्त्यांनी येणारी, आणि तारीख अनेकदा ऐनवेळी कळणारी. वर २०२५ पासून ई-केवायसी, त्यासाठी नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार. कुणी इथल्या बायकांची लाळ तपासायला निघालंच, तर एक नमुना ओटीपीची वाट पाहत असतानाचाही घ्यावा. फक्त कुपीवर वेळ लिहायला विसरू नये.