युक्रेनला विमानाने माल पाठवायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि कामाचा क्रम

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांसाठी बंद आहे. कीवचं बोरिस्पिल, लव्हिव, ओडेसा, यांपैकी कुठेही तुमचं पार्सल घेऊन विमान उतरणार नाही. तरीही रबाळे, महापे, वागळे इस्टेटमधले लहान कारखानदार आमच्या वाशीच्या ऑफिसात येतात आणि विचारतात, ‘तिकडून ऑर्डर आहे, घेऊ का?’ घ्या. माल जातो. सलाइनचे सेट, ड्रेसिंग, इन्व्हर्टर यांची तिथे खरोखर गरज आहे. फक्त कागद नेहमीच्या निर्यातीसारखे करून चालत नाहीत. सीएचएच्या, म्हणजे निर्यातदाराचं कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाच्या, ऑफिसात बारा वर्षं शिपिंग बिलं (कस्टम्सकडे द्यायची निर्यातीची घोषणापत्रं) भरताना जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो.

विमान कुठे उतरणार, हे सगळ्यात आधी ठरवा

ऑर्डर हातात आली की पॅकिंगच्या आधी खरेदीदाराला एकच प्रश्न विचारा: माल कोणत्या विमानतळावर, कोण उचलणार? युक्रेनच्या मालासाठी बहुतेक वेळा उत्तर पोलंड असतं. एक तर वॉर्सा, नाहीतर झेशूवचं यासिओन्का विमानतळ, जे सीमेपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. तिथून पुढे माल ट्रकने मेडिका किंवा कोर्चोव्हाच्या नाक्यावरून युक्रेनमध्ये शिरतो. म्हणजे तुमच्या निर्यातीचे दोन तुकडे आहेत, एक हवेतला आणि एक रस्त्यावरचा. दोन्हींचे कागद वेगळे, आणि दोन्ही माल निघायच्या आधी तयार हवेत.

हे न ठरवता निघालं की काय होतं ते मी पाहिलंय. वागळे इस्टेटच्या एका युनिटचे इन्फ्युजन सेटचे चौदा खोके होते. फॉरवर्डरने (माल पोहोचवायची व्यवस्था करणाऱ्याने) एअरवे बिलावर, म्हणजे विमानाच्या मालपावतीवर, लव्हिवचा कोड टाकला, कारण खरेदीदाराचा पत्ता लव्हिवचा. सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, मालाच्या शेडमधल्या खिडकीवर एअरलाइनच्या मुलाने कोड दोनदा टाइप केला, मग काचेतून मान हलवली. ‘दादा, सिस्टिम घेतच नाही. हे स्टेशन बंद आहे.’ टेम्पोच्या फळीवर बसून आम्ही ब्लेडने चौदा खोक्यांवरची लेबलं खरवडली. पुठ्ठ्याचा वरचा थर निघून येत होता, त्यावर नवं लेबल धड चिकटेना. शिपिंग बिलात दुरुस्ती, नवं एअरवे बिल, पुन्हा बुकिंग, यात चार दिवस गेले. ते सेट एका हॉस्पिटलला जायचे होते. त्या चार दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

शिपिंग बिलात यासाठी सोयही आहे. ‘पोर्ट ऑफ डिस्चार्ज’ आणि ‘अंतिम देश’ हे रकाने वेगळे असतात. पहिल्यात वॉर्सा, दुसऱ्यात युक्रेन. दोन्हीकडे युक्रेन लिहिलं तर विमान मिळत नाही. दोन्हीकडे पोलंड लिहिलं तर खरेदीदार युक्रेनचा आणि माल पोलंडचा, असा घोळ बँकेत पैसे जमा होताना उभा राहतो.

सौद्याच्या अटीही याच हिशेबाने लिहा. ‘सीआयपी कीव’ असं कोटेशन दिलंत तर कीवपर्यंतचं भाडं आणि विमा तुमच्या गळ्यात. नवख्या निर्यातदाराने ‘एफसीए सहार’ (सहारला माल सोपवला की पुढचं भाडं-विमा खरेदीदाराचा) किंवा फार तर ‘सीआयपी वॉर्सा’ इथेच थांबावं.

पात्रता

यात युद्धामुळे वेगळं काही नाही, म्हणून थोडक्यात. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, हवा. तो डीजीएफटीच्या (परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक लागतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती ‘अपडेट’ करावी लागते, काहीही बदललं नसलं तरी. ते राहिलं की कोड निष्क्रिय होतो आणि हे बहुतेकांना शिपिंग बिल भरायच्या दिवशीच कळतं.

जीएसटीचा एलयूटी (हमीपत्र), म्हणजे आरएफडी-११ फॉर्म, भरलात तर आयजीएसटी न भरता माल पाठवता येतो. तो त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, नाहीतर कर आणि व्याज दोन्ही भरायची वेळ येते. खरेदीदाराच्या बाजूची तयारी रखडली म्हणून माल गोदामात पडून राहतो आणि ही मुदत सरकत जाते, तेव्हा टॅक्स इन्व्हॉइस घाईने फाडू नका.

बँकेकडून एडी कोडचं (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिच्या कोडचं) पत्र घेऊन तो आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, नोंदवा. शिपिंग बिल ज्या ठिकाणाहून माल जाणार तिथल्या कोडवर भरायचं असतं. सहारच्या एअर कार्गोचा कोड आयएनबीओएम४. उलव्याच्या नव्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली आणि पहिल्या टप्प्यात वर्षाला ५ लाख टन मालाची क्षमता धरलेली आहे. महापे-तुर्भ्याच्या लोकांना ते जवळ पडतं हे खरं, पण अंतर बघून बिल भरू नका. एअरलाइनने ज्या विमानतळावरून बुकिंग दिलं, त्याचाच कोड.

घरगुती भेट पाठवणाऱ्यांसाठी: एका वर्षात ५ लाख रुपयांपर्यंतचा माल भेट म्हणून पाठवायला परराष्ट्र व्यापार धोरण परवानगी देतं. तो कुरिअरने जातो.

परवानगीशिवाय न जाणारा माल

इथे घाई करू नका. युद्ध चाललेल्या देशाकडे निघालेल्या प्रत्येक खोक्याकडे कस्टम्स, बँक आणि एअरलाइन तिघेही रोखून बघतात, आणि ते बरोबरच आहे. ड्रोन आणि त्यांचे भाग, थर्मल कॅमेरे, दिशादर्शक उपकरणं, काही रसायनं ही स्कोमेट यादीत (लष्करी कामालाही लागू शकणाऱ्या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाच्या यादीत) येतात. अशा मालाला डीजीएफटीची परवानगी आणि खऱ्या वापरकर्त्याने सही केलेलं ‘एंड यूज सर्टिफिकेट’ लागतं. माल यादीत आहे की नाही हे आठ अंकी एचएस कोडवरून (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून) पूर्ण कळत नाही, तांत्रिक वर्णन ताडून बघावं लागतं. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने रशियाला माल पुरवल्याच्या कारणावरून अनेक भारतीय कंपन्यांवर निर्बंध लावले. तेव्हा लढाईच्या कुठल्याही बाजूला माल जात असो, खरेदीदार कोण आणि माल शेवटी कुणाच्या हातात जाणार, हे लेखी घेऊन फाइलला लावा.

औषधांसाठी उत्पादन परवाना, प्रत्येक बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र आणि सहारला औषध नियंत्रकांच्या कार्यालयाचं ना-हरकत लागतं. मॉर्फिन, केटामिन, डायझेपाम, ट्रामाडॉल यांना शिवाय ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोची मंजुरी. ती मिळण्याआधी घेणाऱ्या देशाचा आयात परवाना हातात हवा. जखमी माणसाला वेदनाशामक तातडीने हवं असतं हे कुणालाही पटतं, पण हा टप्पा गाळून माल सुटत नाही. म्हणून याचं काम ऑर्डर पक्की व्हायच्याही आधी सुरू करा.

वीज वारंवार जाते म्हणून इन्व्हर्टर, पॉवर बँक, जनरेटरची मागणी असते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, म्हणजे यूएन ३४८०, प्रवासी विमानातून नेता येत नाहीत. मालवाहू विमानच लागतं आणि चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सोबत यूएन ३८.३ या बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा सारांश आणि प्रशिक्षित माणसाने भरलेलं धोकादायक मालाचं घोषणापत्र. जनरेटरची टाकी कोरडी करून पाठवा. चाचणी करताना टाकलेलं डिझेल तळाशी उरतं आणि वासावरूनच खोका बाजूला निघतो.

फाइलमध्ये काय काय

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एलयूटीची प्रत, एअरवे बिल, उत्पत्ती प्रमाणपत्र, विम्याची पॉलिसी आणि वर सांगितलेल्यांपैकी लागू असतील त्या परवानग्या. हे नेहमीचं झालं. पोलंडमार्गे जाणाऱ्या मालाला आणखी तीन गोष्टी लागतात.

पहिली, युरोपीय संघाची आगाऊ माहिती. १ मार्च २०२३ पासून विमानाने येणाऱ्या सगळ्या मालाची माहिती लोडिंगच्या आधीच तिथल्या कस्टम्सकडे जावी लागते. माल फक्त तिथून पुढे जाणार असला तरीही. त्यात निदान सहा अंकी एचएस कोड आणि नेमकं वर्णन हवं. ‘मेडिकल गुड्स’ किंवा ‘स्पेअर पार्ट्स’ चालत नाही; ‘एकदाच वापरायचे प्लास्टिकचे इन्फ्युजन सेट’ असं लिहावं लागतं. माल घेणारा एजंट पोलंडचा असेल तर त्याचा ईओआरआय नंबर (युरोपीय कस्टम्सचा नोंदणी क्रमांक).

दुसरी, टी-१ ट्रान्झिट. युरोपचं शुल्क न भरता माल सीमेपर्यंत कस्टम्सच्या देखरेखीखाली नेण्याचा हा कागद पोलंडमधला एजंट काढतो आणि त्याची हमी तोच भरतो. तो एजंट कोण, हे इथून निघण्याआधी ठरलेलं असावं आणि एअरवे बिलावर ‘नोटिफाय’ (माल आल्याची खबर ज्याला द्यायची तो) म्हणून त्याचं नाव असावं. तिसरी, ट्रकची सीएमआर पावती. मदत म्हणून मोफत माल जात असेल तर घेणारी संस्था युक्रेनच्या मदत-नोंदणीत आहे ना, हे तिच्याकडून लेखी घ्या. ते नसेल तर ट्रक नाक्यावर उभा राहतो.

लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का बघून घ्या. तुर्भ्याला जुनी पॅलेट स्वस्तात मिळतात, पण त्यांवर बहुधा तो नसतो.

विमा: इथे सर्वाधिक फसगत होते

साध्या एअर कार्गो पॉलिसीत युद्धाची जोखीम वगळलेली असते. त्यासाठी ‘इन्स्टिट्यूट वॉर क्लॉज (एअर कार्गो)’ वेगळा घ्यावा लागतो, आणि लोकांना वाटतं आता आपण सुरक्षित. पण हे संरक्षण माल विमानात चढल्यावर सुरू होतं आणि शेवटच्या विमानतळावर उतरला की संपतं. उतरवायला उशीर झाला तर विमान पोहोचल्यापासून पंधरा दिवसांनी. म्हणजे वॉर्सा ते कीव हा रस्ता, जिथे खरा धोका आहे, तो त्यात येतच नाही. त्या टप्प्याचा विमा खरेदीदाराने किंवा ट्रकवाल्याने काढलाय का, हे पॉलिसीच्या प्रतीसह मागा. युद्धाचं संरक्षण कंपनी सात दिवसांच्या नोटिशीवर काढूनही घेऊ शकते, म्हणून पॉलिसी आणि फ्लाइटची तारीख जवळजवळ ठेवा.

मालाचा विमा आणि पैशांचा विमा वेगळा. युद्धामुळे खरेदीदाराचे पैसे अडकले तर ईसीजीसीचं (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं) संरक्षण कामी येतं, पण त्या देशासाठी त्यांच्या अटी काय आहेत ते आधी विचारा. मी तरी लहान युनिटला पैसे आगाऊ घ्यायलाच सांगतो.

सहारला आणि त्यानंतर

सीएचए आइसगेटवर शिपिंग बिल भरतो, चेकलिस्ट तुम्हाला पाठवतो. ती मोबाइलवर वरवर बघून ‘ओके’ लिहू नका. वर सांगितलेले दोन रकाने स्वतः वाचा. मग कार्टिंग (माल शेडमध्ये आणून देणं), वजन आणि माप, एक्स-रे, लागल्यास कस्टम्सची तपासणी आणि शेवटी ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’, म्हणजे माल बाहेर न्यायची कस्टम्सची परवानगी. भाडं वजन आणि आकारमान यांतल्या जास्त आकड्यावर लागतं: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६००० ने भागा. सलाइन सेटसारखा हलका माल इथे महाग पडतो.

बुकिंग झाल्यावरही वाटेतला देश बंद होऊ शकतो. २३ जून २०२५ ला कतारने काही तास आपलं आकाश बंद केलं होतं. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. सुदानमध्ये खार्तूमचं विमानतळ १५ एप्रिल २०२३ ला बंद पडलं आणि माल पोर्ट सुदानकडे वळला. म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा, वाटेतलं विमानतळ बंद झालं तर माल दुसऱ्या कुठल्या मार्गाने नेणार आणि जादा भाडं कुणाकडे.

माल विमानात चढण्याआधी उतरण्याचं ठिकाण बदललं तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली शिपिंग बिलात दुरुस्तीचा अर्ज करायचा. खरेदीदाराचं बदलाचं पत्र आणि एअरलाइनचं नवं बुकिंग सोबत. ऑर्डरच रद्द झाली तर शेडमधून माल परत आणायला ‘बॅक टू टाउन’ची परवानगी घ्यायची, शिपिंग बिल रद्द करायचं आणि शेडचं भाडं भरायचं. यासाठी मूळ कार्टिंगची पावती लागते. ती टेम्पोवाल्याच्या खिशात राहते, तेव्हा त्याच दिवशी मागून घ्या.