जुन्या स्पोर्ट्स कारची पुढची काच बदलण्याआधी

"काच मिळेल का?" जुन्या स्पोर्ट्स कारचा मालक दुकानात आला की पहिला प्रश्न हाच असतो. बहुतेक वेळा मिळते. वाट पाहावी लागते, खिशाला चाट बसते, पण मिळते. खरं काम निघतं ते काच ज्या चौकटीत बसते त्या पत्र्यात. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत त्या पत्र्याची काय अवस्था आहे, हे काच काढल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आमचं कोटेशन दोन भागांत येतं, पहिला काचेचा आणि दुसरा पत्र्याचा, आणि दुसऱ्या भागात सुरुवातीला आकडाच नसतो. बऱ्याच जणांना ते खटकतं. असं का करतो, ते या पत्रकात सांगितलं आहे.

तडा कुठून निघाला ते पाहा

एक्सप्रेस-वेवर खडीच्या डंपरमागे अडकलात की कधी ना कधी खडा लागतोच. लागला तिथे टवका उडतो आणि भोवती बारीक चांदणी उमटते. टवका रुपयाच्या नाण्याहून लहान आहे, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नाही आणि त्यातून लांब तडा निघालेला नाही, असं असेल तर काच बदलू नका. टवक्यातली हवा ओढून आत रेझिन भरता येतं आणि ते अतिनील दिव्याखाली काही मिनिटांत कडक होतं. डाग पुरता जात नाही, पण तडा पसरायचा थांबतो. कंपनीची मूळ काच वाचत असेल तर आम्ही हाच सल्ला देतो, भले बिल लहान होईना. मात्र टवका उडाला त्याच दिवशी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. आत धूळ किंवा शाम्पूचं पाणी गेलं की रेझिन नीट धरत नाही.

खडा न लागताच तडा गेला असेल तर प्रकरण वेगळं. बाहेरच्या बाजूने तड्यावरून नख फिरवत काठापर्यंत जा. नख अडकेल असा खड्डा वाटेत कुठेच लागला नाही आणि तडा थेट रबराखालून निघालेला दिसला, तर काचेवर कडेने ताण येतोय असं समजा. खालचा पत्रा गंजून फुगलेला असतो, मागच्या वेळी काच वाकडी बसवलेली असते, नाहीतर जुन्या अपघातात चौकटच हललेली असते. मग उन्हात तापलेल्या काचेवर पाण्याचा पाईप मारणं किंवा एसीचा गार झोत काचेवर सोडणं एवढं निमित्त पुरतं. टप उघडणाऱ्या गाड्यांत हे जास्त दिसतं. वर छताचा पत्रा नसल्यामुळे खड्ड्यांतून जाताना त्यांची बॉडी जास्त पिळते. ताणाचं कारण न शोधता नवी काच बसवली तर तीही तडकते, आणि तेव्हा शिव्या काचेच्या कंपनीला बसतात.

काठापासून आत दुधाळ पांढुरका पट्टा सरकत आला असेल तर तो तडा नव्हे. दोन काचांमधल्या पडद्यात ओल शिरली आहे. हा पट्टा पुसून किंवा पॉलिश करून जात नाही.

दोन काचा आणि मधला पडदा

आजची पुढची काच लॅमिनेटेड असते. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पडदा. फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. १९७०च्या आसपासच्या अनेक युरोपीय गाड्यांना मात्र पुढेही टफन्ड काच असायची, म्हणजे हल्ली दरवाजाला असते तशी. खडा वर्मी लागला की क्षणात सगळी काच दाण्यांची होते आणि समोरचं दिसेनासं होतं. तुमची कोणती आहे ते पाहायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून तिरप्या उन्हात काचेकडे बघा. टफन्ड काचेत गडद ठिपक्यांची नक्षी दिसते. अशी काच अजून शाबूत असली तरी बदलून घ्या, असं आम्ही सांगतो. "ओरिजिनल आहे" हे कारण इथे आम्हाला पटत नाही. हौसच असेल तर ती काढून घरी जपून ठेवा.

रबरवाली की चिकटवलेली

जुन्या गाड्यांत काच एकतर रबराच्या बीडिंगमध्ये बसते किंवा पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनने, थेट पत्र्याला चिकटवलेली असते. एमजीबी जीटीची काच रबरात आहे. पोर्शे ९११ला ९६४ मॉडेलपर्यंत रबर होतं आणि १९९३ मध्ये आलेल्या ९९३ पासून काच चिकटवलेली आली. बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड३, मर्सिडीज एसएलके, ऑडी टीटी या सगळ्या चिकटवलेल्या. एमजीबीची उघडी गाडी तिसऱ्याच तऱ्हेची: काच ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसते आणि अख्खी फ्रेम बॉडीला बोल्टने आवळलेली असते. तिथे काच बदलण्यापेक्षा ते वर्षानुवर्षांचे गंजलेले बोल्ट न मोडता सोडवण्यात जास्त वेळ जातो.

फरक नुसता पद्धतीचा नाही. रबरातली काच चौकटीत जणू तरंगत असते. चिकटवलेली काच बॉडीच्या मजबुतीत वाटा उचलते आणि अनेक गाड्यांत प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग फुगताना तिच्यावरच टेकते. चिकटवण्यात कसूर झाली तर पाणी गळण्यापुरतं निभावत नाही.

काच कुठून आणायची

सपाट काचेचं काम सोपं आहे. एमजीच्या टीसी, टीडी यांची पुढची काच सपाट आहे. ती लॅमिनेटेड शीटमधून इथेच कापून मिळते. दोन्ही बाजूंनी काच कापायचा हिरा ओढायचा, दोन्ही काचा रेघेवर तोडायच्या, मग फट किंचित उघडून मधला पडदा ब्लेडने कापायचा आणि शेवटी कडा घासायच्या. टफन्ड काच मात्र अशी कापता येत नाही. हिरा ओढून तोडायला गेलं की तिचा चुराच होतो.

वळणदार काच आली की गणित बदलतं. "भोसरी-चाकणला गाड्यांच्या काचा बनतात, मग आमची एक का बनत नाही?" असं बरेच जण विचारतात. तिथल्या कारखान्यांत एकेका साच्यावर हजारांनी काचा निघतात, एका गाडीसाठी साचा कोण बनवणार? काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून साच्यावर वाकवतात आणि पडदा घालून दाबाखाली पुन्हा तापवतात. एकेकटी काच वाकवून देणारे आहेत, पण त्यांचं काम आम्ही डोळ्यांनी तपासल्याशिवाय घेत नाही. काच उभी धरायची, तिच्यातून समोरच्या ग्रिलच्या उभ्या गजांकडे बघायचं आणि डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायचं. गज लाटेसारखे हलले तर काच परत. अशा काचेतून रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फाटतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं.

त्यामुळे वळणदार काच आम्ही शक्यतो परदेशातल्या जुन्या स्टॉकमधून किंवा नव्याने बनवणाऱ्यांकडून मागवतो. ती लाकडी क्रेटमध्ये येते, कस्टम भरावं लागतं आणि काही आठवडे जातात. कोपऱ्यातला शिक्का नीट वाचायचा. वर्तुळातलं इंग्रजी ई अक्षर आणि जवळ ४३आर असेल तर काच युरोपीय मानकाची. ईजवळचा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ११ ब्रिटन. भारतीय काचेवर आयएसआयचा शिक्का असतो आणि त्यासोबत आयएस २५५३ हा क्रमांक. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम १००प्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. "थोडी काळी द्या ना, भारी दिसेल" असं म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर ठरलेलं आहे.

मागवताना काचेचा रंग, वरची हिरवी किंवा निळी पट्टी, आतला आरसा अडकवायचं काचेवरचं बटण आणि आत अँटेना आहे का, हे सगळं जुळवावं लागतं. काही गाड्यांची रेडिओची अँटेना काचेतच असते. ती नसलेली काच आली तर काच बसते, पण रेडिओ लागत नाही.

कोटेशनचा दुसरा भाग

आता मुद्द्याचं. काच निघाली की चौकटीचा खालचा पट्टा आणि दोन्ही खालचे कोपरे आम्ही तुम्हाला दाखवतो. शक्य असेल तर त्या दिवशी दुकानात या, नाहीतर फोटो पाठवतो. पावसाचं पाणी तिथेच साचतं. वरून रंग शाबूत दिसतो आणि आतून पत्रा वाळवी लागल्यासारखा पोखरलेला असतो. पेचकसाचं टोक सहज आत गेलं की ओळखायचं.

वरवरचा गंज असेल तर चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासतो, इपॉक्सी प्रायमर मारतो, रंग देतो आणि तो पूर्ण वाळू देतो. हे वाळू देणं महत्त्वाचं आहे. ओल्या रंगावर पीयू लावला तर तो रंगाला धरतो, पण रंग पत्र्याला धरत नाही. भोक पडलं असेल तर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. ते डेंटरचं काम आहे आणि त्याचा खर्च पाहिल्याशिवाय सांगणं म्हणजे थाप मारणं. सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीत गंजाची कटकट नाही, पण चौकटीच्या कोपऱ्यांत फायबरला भेगा आहेत का ते पाहावं लागतं.

गळती थांबवायला कुणीतरी आधी सिलिकॉन भरलेलं असणं, हे आमचं सगळ्यात नावडतं काम. सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर ना पीयू धरत ना रंग. ते पूर्ण काढण्यात अर्धा दिवस जातो. त्यातही व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघडा पत्रा त्याने आणखी गंजतो. काचेतून पाणी येत असेल तर सध्या एखादं फडकं ठेवा, पण सिलिकॉनची ट्यूब आणू नका.

काच बसवताना

रबरवाल्या काचेला नवं रबर लागतंच. जुनं कडक रबर वाचवायला जाऊन नवी काच फोडण्यात अर्थ नाही. टफन्डच्या जागी लॅमिनेटेड घालताना काचेची जाडी बदलू शकते, म्हणून रबराच्या खाचेचं माप आधी घेतो. नवं रबर थोडा वेळ उन्हात ठेवलं की मऊ पडतं. मग ते काचेवर चढवायचं आणि पत्रा ज्या खाचेत बसणार त्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून बाहेर ठेवायची. साबणाचं पाणी लावून काच चौकटीला टेकवायची. एक जण आत बसून दोरी हळूहळू ओढतो, दुसरा बाहेरून तळहाताने तिथेच थोपटतो. दोरी निघत जाते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढते. कोपऱ्यावर घाई केली की काच गेलीच. क्रोमची पट्टी सगळ्यात शेवटी.

चिकटवलेली काच तारेने कापून काढतो. जुना पीयू सगळा खरवडत नाही. पत्र्याला घट्ट धरून असलेला एक-दोन मिलिमीटरचा थर तसाच ठेवून ताज्या कापावर नवा भरतो, कारण नवा पीयू त्यालाच सगळ्यात चांगला धरतो. पीयू हवेतल्या दमटपणावर वाळतो, त्यामुळे पावसाळ्यात हे काम होत नाही हा गैरसमज आहे. फक्त काच आणि पत्रा कोरडे हवेत, म्हणून उघड्यावर, पार्किंगमध्ये येऊन आम्ही काच बसवत नाही.

गाडी नेल्यावर

गाडी किती वेळाने चालवता येईल हे पीयूच्या डब्यावर लिहिलेलं असतं. त्याआधी किल्ली मागू नका. पहिला दिवसभर काचेला लावलेल्या चिकटपट्ट्या काढू नका आणि एका बाजूची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. सगळं बंद असताना दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या पीयूवर येतो. टपाची गाडी असेल तर २४ तास टप उघडू-मिटू नका, त्याचे हूक काचेच्या वरच्या चौकटीतच अडकतात. पहिले दोन दिवस प्रेशर वॉशर नको. वायपरचे ब्लेड नवे घाला. जुन्या ब्लेडमधली रेती नव्या काचेवर पहिल्याच पावसात रेघ ओढते.

विमा आणि स्टिकर

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काच काढू नये. काचेवर घसारा कापत नाहीत, रबरावर मात्र ५० टक्के कापतात. सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा भाग, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये. गंजाचा खर्च विम्यात बसत नाही. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, तेव्हा एजंटाकडून दोन्ही आकडे मागवून मगच ठरवा.

जुन्या काचेवरचा फास्टॅग सोलून नव्यावर लावता येत नाही, तो खराब होतो. तुमच्या बँकेकडून बदली टॅग घ्या. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवली असेल तर काचेच्या आतल्या बाजूचं नंबराचं स्टिकरही निघताना फाटतं, तेही नव्याने मागवावं लागतं. गाडी आणून देताना आरसी आणि विम्याची प्रत आणा, आणि आधी कधी काच बदलली असेल तर तेही सांगा. बिल नसलं तरी चालेल.