परकीय तणांविरुद्धचे स्वयंसेवी काम : पार्श्वभूमी

ज्या वनस्पती उपटण्यासाठी आज स्वयंसेवी संस्था उन्हातान्हात राबतात, त्यांतील बऱ्याचशा माणसानेच हौसेने आणून लावलेल्या आहेत. अमेरिका खंडातील घाणेरी सतराव्या शतकात युरोपच्या बागांत पोहोचली आणि पुढे वसाहतींबरोबर उष्ण प्रदेशांत पसरली; जलपर्णीचा प्रवासही फुलांच्या मोहापायीच झाला.

प्रारंभी या तणांचा बंदोबस्त मुख्यतः सरकारे करीत. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने १९२० च्या दशकापर्यंत सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. १९२६ मध्ये अर्जेंटिनातून आणलेल्या पतंगाच्या अळ्या तेथे सोडण्यात आल्या आणि दशकभरातच त्यांनी त्याचा बहुतांश फडशा पाडला. हे यश खरेच होते. पण एकदा खर्च केला की तण कायमचे संपते, ही त्यातून बळावलेली अपेक्षा पुढच्या कामाला जाचक ठरली, असे मला वाटते.

१९६० च्या दशकात सिडनीतील जोन आणि आयलीन ब्रॅडली या भगिनींनी वेगळीच वाट धरली. मोठा पट्टा एकदम साफ केला की उघड्या पडलेल्या मातीत तण अधिक जोमाने परतते, हे ओळखून त्यांनी सर्वांत निरोगी रानापासून सुरुवात केली. लहान हत्यारांनी रोपे मुळासकट काढायची, पालापाचोळा पुन्हा मातीवर पसरायचा आणि देशी झाडे ती जागा भरून काढतील तेवढ्याच वेगाने पुढे सरकायचे, ही त्यांची रीत होती. पुढच्या दशकात न्यू साउथ वेल्समधील नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ती स्वीकारली आणि स्वयंसेवकांच्या कामाला शिस्त लाभली.

ही शिस्त मुळातच सावकाशीची आहे, अनुदाने मात्र दोन-तीन वर्षांत संपतात. जलपर्णीचे बी गाळात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते आणि जपानी नॉटवीड या तणाच्या जमिनीखालच्या खोडाचा एक ग्रॅमहून हलका तुकडाही मातीत पुन्हा फुटतो. तरीही अहवालात विचारले जाते ते किती हेक्टर साफ झाले एवढेच. उगवलेली रोपे टिपत त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरणे त्या रकान्यात बसत नाही, आणि म्हणून त्याला पैसेही मिळत नाहीत. शेजारच्या जमिनीचा मालक हात लावू देत नसेल, तर बी तेथून येतच राहते.

२०२३ मध्ये आयपीबीईएस या जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने हानिकारक आक्रमक प्रजातींची संख्या ३,५०० हून अधिक आणि त्यांचा जागतिक आर्थिक भार २०१९ साली ४२३ अब्ज डॉलरहून जास्त असल्याचे नोंदवले. त्याआधी जैवविविधता जपण्यासाठीच्या २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारात अशा प्रजातींच्या नव्या शिरकावाचा वेग २०३० पर्यंत किमान निम्म्यावर आणण्याचे ठरले होते. आधीच व्यापलेल्या जमिनीवरील वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांसाठी मात्र अनेक संस्थांना अजूनही दर थोड्या वर्षांनी नव्याने अर्ज करावा लागतो.