घरातील जलतरण तलावाचे नियंत्रण पॅनेल बंद पडल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

हॉलमध्ये किंवा जिन्यालगतच्या भिंतीवर बसवलेले तलावाचे पॅनेल एखाद्या सकाळी पूर्ण काळे दिसते, कोणतेही बटण दाबले तरी काही होत नाही, आणि आम्हाला फोन येतो तो नवीन पॅनेल केवढ्याला पडेल हे विचारण्यासाठी. हा प्रश्न आपण सर्वांत शेवटी विचारावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पॅनेल महाग असते, ते मागवावे लागते आणि येईपर्यंत दिवस जातात. शिवाय ते काळे पडण्याचे कारण बऱ्याचदा पॅनेलमध्ये नसून त्याच्यापर्यंत वीज पोहोचण्याच्या वाटेवर कुठेतरी असते. ही वाट आपल्याला माहीत असावी आणि तिच्यावर आपण स्वतः काय पाहावे, कशाला हात लावू नये, हे स्पष्ट असावे, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

पॅनेलला वीज कुठून मिळते

भिंतीवरच्या पॅनेलला घरातल्या सॉकेटमधून वीज मिळत नाही. तलावाजवळच्या पंप-रूममध्ये जी मुख्य पेटी असते, तिच्यात 230 व्होल्टचा पुरवठा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढल्यास वीज तोडणारा खटका) आणि आरसीसीबी (वीज गळू लागल्यास ती तोडणारा खटका) यांमधून येतो. पेटीतील ट्रान्सफॉर्मर तो साधारणपणे 24 व्होल्टपर्यंत उतरवतो आणि त्यावर नियंत्रण बोर्ड चालतो. हा बोर्ड पुढे चार तारांच्या बारीक केबलमधून घरातल्या पॅनेलला मॉडेलप्रमाणे सुमारे 10 ते 15 व्होल्ट डी.सी. पाठवतो. चारपैकी दोन तारा विजेच्या आणि दोन संदेशांच्या असतात. पंप, दिवे, हीटर यांचे स्विचिंग बोर्डावरच्या रिले आणि पेटीतले कॉन्टॅक्टर (दोन्ही विजेने चालणारे स्विच) करतात, आणि बहुतेक मॉडेलमध्ये पंपाचे वेळापत्रकही बोर्डातच साठवलेले असते. म्हणूनच घरातले पॅनेल बंद असूनही पंप ठरलेल्या वेळी सुरू होताना दिसतो.

सुरुवात याच निरीक्षणापासून करावी. पॅनेल काळे आहे, पण पंप आपल्या वेळेला सुरू होऊन वेळेला बंद होतो आहे, तर पेटीतला बोर्ड जिवंत आहे आणि दोष बहुधा केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये आहे. पंपही बंद असेल, बोर्डावरचा छोटा दिवाही (झाकण न उघडता दिसत असल्यास) लागत नसेल, तर बहुधा पेटीलाच वीज मिळत नाही आणि घरातल्या पॅनेलकडे पाहण्यात वेळ घालवू नये. पॅनेलवर उजेड आहे पण अक्षरे उमटत नाहीत, किंवा बोर्डाशी संपर्क नसल्याची सूचना दिसते, हा तिसरा प्रकार आहे. त्यात विजेच्या तारा शाबूत असून संदेशाच्या तारांत बिघाड असण्याचा संभव अधिक असतो. या तिन्हींपैकी काय घडते आहे एवढे आपण फोनवर नेमके सांगितले, तरी आमचा तंत्रज्ञ योग्य साहित्य घेऊनच निघतो.

घरात दिवे आहेत, मग पेटीला वीज का नाही?

हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो, आणि त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे घरातले दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात, पंप-रूम नसते. वीज गेल्याचे घरात लक्षातही येत नाही आणि पॅनेल मात्र बंद पडते. दुसरे म्हणजे थ्री-फेज जोडणी असलेल्या बंगल्यांत एखादाच फेज जातो. घरातले दिवे चालू फेजवर असतात आणि पंप-रूमची पेटी नेमकी गेलेल्या फेजवर असते. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला, गिरणारे किंवा त्र्यंबक रस्त्यालगतच्या फार्महाऊसवर वादळी पावसानंतर पॅनेल बंद दिसले, तर आधी मीटरजवळ तिन्ही फेजचे दिवे लागले आहेत का, ते पाहावे. एक फेज गेला असेल, तर काम वायरमनचे आहे, आमचे नाही. तो फेज परत येईपर्यंत पेटी दुसऱ्या फेजवर घेण्याचा उद्योग माळी किंवा रखवालदाराकडून कृपया करवून घेऊ नये.

पुरवठा व्यवस्थित असेल, तर पंप-रूममधील एमसीबी आणि आरसीसीबीचे खटके पाहावेत. खटका खाली पडलेला असल्यास पायात कोरड्या रबरी चपला घालून, कोरड्या हाताने, तो एकदा वर करावा. सर्व खटके वरच असतील, तर पेटीचा एमसीबी बंद करून एक मिनिट थांबावे आणि पुन्हा चालू करावा. वीज खाली-वर झाल्यावर अडकलेला बोर्ड कधी कधी एवढ्यानेही पूर्ववत होतो.

मात्र आरसीसीबी पुन्हा पडला, तर तेथेच थांबावे. तलावासाठी बसवलेला आरसीसीबी 30 मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीलाही पुरवठा तोडतो, आणि तो पडतो आहे याचा अर्थ कुठेतरी वीज गळते आहे. पाण्याखालच्या दिव्यात शिरलेले पाणी, पंपाच्या जोडणी-डबीत साचलेली ओल, साल निघालेली वायर, यांपैकी काहीही असू शकते. खटका हाताने दाबून धरणे, त्याला बांधून ठेवणे किंवा आरसीसीबी वगळून थेट जोडणी करणे हे माणसाच्या जिवावर बेतणारे आहे. कारण सापडेपर्यंत मुलांना आणि पाहुण्यांना तलावात उतरू देऊ नये आणि पाण्याखालचे दिवे बंदच ठेवावेत. या एका बाबतीत आम्ही कोणत्याही ग्राहकाची घाई मान्य करत नाही.

पेटीचे झाकण आमच्यासाठी ठेवावे

खटके जागेवर आहेत, वीज आहे, तरी बोर्ड मृत आहे, अशा वेळी ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो किंवा बोर्डावरचा छोटा फ्यूज उडालेला असतो. पेटी उघडल्यावर कॉन्टॅक्टरमध्ये अडकून मेलेली पाल किंवा रिलेभोवती मुंग्यांनी केलेले वारूळ सापडणे हे आमच्या कामात नवल नाही. फ्यूज बदलणे सोपे असते, पण तो का उडाला हे शोधल्याशिवाय बदललेला फ्यूज टिकत नाही, आणि जास्त क्षमतेचा फ्यूज घातला तर पुढच्या वेळी बोर्डच जळतो. या पेटीत कमी व्होल्टच्या तारांच्या शेजारीच 230 व्होल्टच्या तारा असतात. त्यामुळे एमसीबी बंद केला असला, तरी झाकण आपण उघडू नये.

बोर्ड चालू आणि पॅनेल बंद असेल, तर आमचा तंत्रज्ञ एक साधी पण खात्रीची चाचणी करतो. तो पॅनेल भिंतीवरून काढतो, पंप-रूममध्ये नेतो आणि जेमतेम दोन फुटी तारेने थेट बोर्डाला जोडतो. तेथे पॅनेल उजळले, तर पॅनेल निर्दोष आहे आणि बिघाड भिंतीतून व जमिनीखालून आलेल्या केबलमध्ये आहे. तेथेही काळेच राहिले आणि बोर्डाच्या टोकांवर मल्टिमीटर योग्य व्होल्ट दाखवत असेल, तेव्हाच पॅनेल गेले असे म्हणता येते. बोर्डाला एकाहून अधिक पॅनेल किंवा वायरलेस रिसीव्हर जोडलेले असतील, तर ते एकेक करून सोडवावे लागतात, कारण त्यांपैकी एकात शॉर्ट झाला तरी सामाईक पुरवठा खाली येऊन सगळेच बंद पडते. ही चाचणी न करता कोणी नवीन पॅनेलचा अंदाज देत असेल, तर ती आधी आपल्यासमोर करून दाखवण्यास सांगावे. आमच्या तंत्रज्ञालाही हे अवश्य सांगावे.

केबल खराब होण्याची कारणे बहुधा घरातच सापडतात. पडद्याचा रॉड बसवताना मारलेला ड्रिल, बागेत खोदताना लागलेली कुदळ, उंदरांनी कुरतडलेले आवरण, जमिनीखालच्या पाइपात साचलेले पावसाचे पाणी. जोडाच्या ठिकाणी तांब्याची तार हिरवट पडून ठिसूळ झालेली असते आणि बोटाने ओढताच तुटून हातात येते. पॅनेल बंद पडण्याआधीच्या आठवड्यात रंगकाम, पीओपी किंवा बागेचे काम झाले असल्यास ते आम्हाला अवश्य सांगावे. त्या एका माहितीवर शोध निम्म्यावर येतो.

दुरुस्ती होईपर्यंत पाण्याची काळजी

पॅनेल बंद आहे म्हणून पाणी थांबवून ठेवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात थांबलेले पाणी दोन-तीन दिवसांत हिरवे होऊ शकते आणि ते सुधारण्याचा खर्च दुरुस्तीहून जड जातो. पेटीच्या दर्शनी भागावर हाताने चालवण्याचा स्विच दिलेला असल्यास पंप रोज सहा ते आठ तास चालवावा. क्लोरीन संध्याकाळी टाकावे, कारण उन्हात ते लवकर उडून जाते. क्लोरीनचे प्रमाण 1 ते 3 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) 7.2 ते 7.8 यांदरम्यान राखावा. पंप चालू नसताना हीटर किंवा मिठावर चालणारा क्लोरिनेटर कोणत्याही परिस्थितीत सुरू करू नये.

पावसाळ्याआधीची तयारी

नाशिकमध्ये मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीस विजांसह येणारे वळीव बोर्डांसाठी सर्वांत घातक असतात. पेटीला सर्ज संरक्षक (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारे उपकरण) बसवलेला असावा, आणि त्याचा उपयोग व्हावा म्हणून अर्थिंगही चांगले असावे. आपल्याकडे मुरूम आणि खाली काळा खडक असल्यामुळे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. माळी झाडांना पाणी घालतोच, त्याच फेरीत एक-दोन बादल्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतण्यास त्याला सांगावे. वळिवाच्या दिवसांत बंगला बंद करून गावाला जाताना पेटीचा एमसीबी खाली करावा, आणि पाण्याची देखभाल करणाऱ्या व्यक्तीला तशी कल्पना देऊन ठेवावी.

आम्हाला कळवताना पेटीवरील मॉडेलच्या लेबलाचा आणि खटक्यांचा फोटो पाठवावा. पॅनेल अखेरीस बदलावेच लागले, तर चाचणीतील मोजमाप लिहून दिले जाईल आणि काढलेले जुने पॅनेल आपल्या ताब्यात दिले जाईल.