रेंजरचा वारस ठरवायला फोर्डला इतकी वर्षे का लागली?

डिसेंबर २०११मध्ये फोर्ड कंपनीने अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरातला आपला कारखाना बंद केला. मिसिसिपी नदीच्या काठावर १९२५पासून चालत आलेल्या या कारखान्यात शेवटी एकच गाडी बनत होती, रेंजर ही छोटी पिकअप. कारखान्याबरोबर तीही गेली. गाडी जुनी झाली होती आणि तिची विक्री पार घसरली होती, त्यामुळे यात तसे नवल नव्हते. नवल याचे, की त्याच वर्षी फोर्डकडे रेंजर याच नावाची कोरी करकरीत पिकअप तयार होती. जगातल्या १८० बाजारपेठांत ती पाठवायची असे कंपनी सांगत होती. ज्या देशात या नावाने लौकिक मिळवला, त्या देशाला मात्र ती द्यायची नाही असे ठरले होते. अमेरिकी गिऱ्हाइकाला रेंजरचा वारस मिळायला पुढे सात वर्षे गेली. जो आला तो अंगाने थोराड निघाला आणि खरा धाकटा वारस त्यानंतरही अडीचेक वर्षांनी आला.

अमेरिकी लोकांना मोठ्याच गाड्या आवडतात, असे एक सोपे उत्तर यावर नेहमी दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. छोट्या पिकअपभोवती आयात कराची भिंत होती, भिंतीच्या आत स्पर्धा थोडी होती आणि आतल्या कंपन्यांची खरी कमाई मोठ्या पिकअपवर होत होती. अशा स्थितीत छोटी गाडी म्हातारी होऊ देणे कंपनीला परवडत होते. हे नीट समजायला सुरुवात कोंबडीपासून करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालन कारखान्याच्या पद्धतीने होऊ लागले आणि तिथली स्वस्त, गोठवलेली कोंबडी पश्चिम जर्मनीत भरमसाट जाऊ लागली. तिथल्या शेतकऱ्यांनी ओरड केली. युरोपीय आर्थिक समुदायाने १९६२मध्ये कोंबडीवरचा कर वाढवला. वाटाघाटी फिसकटल्या आणि डिसेंबर १९६३मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलटा वार केला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार मालांवर वाढीव कर बसला. ट्रकवरचा कर होता २५ टक्के. त्या वेळी नेम फोक्सवॅगनच्या मालवाहू गाड्यांवर होता. पुढे बाकीच्या तीन मालांवरचे वाढीव कर उठले, ट्रकवरचा राहिला. साठ वर्षे उलटली तरी तो आहेच आणि अमेरिकेत त्याला आजही कोंबडी कर म्हणूनच ओळखतात. मोटारींवरचा कर अनेक दशके अवघा अडीच टक्के होता, हे लक्षात घेतले की या भिंतीची उंची कळते.

भिंत उभी राहिली की लोक खिंडार शोधतातच. जपानी कंपन्यांनी केबिन आणि चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, एकत्र, पण हौदा वेगळा असा माल पाठवायला सुरुवात केली. हौद्याशिवाय तो पूर्ण ट्रक ठरत नसे, म्हणून कर फक्त चार टक्के लागे. अमेरिकेच्या बंदरात उतरल्यावर हौदा बसवला की पिकअप तयार. अमेरिकी कंपन्यांनीही याच वाटेचा फायदा घेतला. जनरल मोटर्सने इसुझुची पिकअप शेव्हरोलेच्या नावाने विकली. फोर्डने माझदाची पिकअप १९७२पासून कुरियर या नावाने विकली. म्हणजे फोर्डची पहिली छोटी पिकअप मुळात जपानी होती. १९७३च्या तेलसंकटात पेट्रोल महागले आणि या गाड्यांना चांगले दिवस आले. मग १९८०मध्ये अमेरिकी सरकारने हे खिंडार बुजवले आणि केबिन-चेसिसवरही पूर्ण २५ टक्के कर लागू केला. आता छोटी पिकअप विकायची तर ती अमेरिकेतच बनवणे भाग होते. निसानने टेनेसीत कारखाना टाकला आणि १९८३मध्ये तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी पिकअपच होती.

फोर्डची तयारी मात्र खिंडार बुजण्याच्या आधीपासून सुरू होती. जानेवारी १९८२मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथल्या कारखान्यात रेंजरचे उत्पादन सुरू झाले. हे नाव त्याआधी फोर्डच्या मोठ्या ट्रकच्या एका श्रेणीला होते. नवी रेंजर त्या मोठ्या ट्रकची आटोपशीर आवृत्ती होती: शिडीसारखी चेसिस, पुढच्या चाकांना फोर्डच्या मोठ्या ट्रकसारखेच ट्विन आय-बीम सस्पेन्शन (धक्के झेलणारी रचना), चार सिलिंडरचे साधे इंजिन, दोन दारे, एक बाक आणि मागे उघडा हौदा. आखूड हौद्याची गाडी जेमतेम साडेचार मीटर लांब होती. दुरुस्ती सोपी, सुटे भाग सगळीकडे मिळणारे. माळी, रंगारी, सुटे भाग पोचवणारी दुकाने, घरोघर कीटकनाशक फवारणाऱ्या कंपन्या आणि पहिली गाडी घेणारे कॉलेजचे विद्यार्थी, असे तिचे गिऱ्हाईक होते. १९८७पासून २००४पर्यंत ती अमेरिकेतली सर्वाधिक खपाची छोटी पिकअप राहिली. १९९९ या एका वर्षात सुमारे ३ लाख ४८ हजार रेंजर विकल्या गेल्या. जी माझदा एकेकाळी फोर्डला पिकअप पुरवत होती, तीच आता रेंजर घेऊन आपल्या नावाने विकू लागली होती.

शिखरावरच दुर्लक्षाला सुरुवात झाली. १९९८च्या मॉडेलला गाडीची शेवटची मोठी फेररचना झाली. त्यानंतर इंजिने बदलली, जाळी आणि दिवे बदलले, पण गाडीच्या पायाला, म्हणजे तिच्या मूळ रचनेला, कोणी हात लावला नाही. नव्वदच्या दशकात फोर्डला एक्सप्लोरर ही एसयूव्ही सापडली. ती रेंजरच्याच पायावर उभी होती आणि तिच्यात नफा कितीतरी अधिक होता. एफ-१५० ही मोठी पिकअप तर कंपनीची अन्नदातीच झाली. छोट्या पिकअपला मोठीपेक्षा पोलाद कमी लागते हे खरे, पण इंजिन, गिअरबॉक्स, एअरबॅग, कामगाराचे तास यांचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. विक्रीची किंमत मात्र बरीच कमी ठेवावी लागते. संचालकांच्या टेबलावर दोन प्रस्ताव आले की पैसा कुठे जाणार, हे सांगायला नको. दरम्यान टोयोटाने टॅकोमा ही आपली छोटी पिकअप मोठी केली आणि सुधारत नेली, निसाननेही तेच केले. रेंजर तशीच राहिली आणि २०१०मध्ये तिची विक्री ५५ हजारांच्या आसपास आली.

सेंट पॉलचा कारखाना बंद करण्याची घोषणा २००६मधली. त्या वर्षी फोर्डला १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला होता. कारखाना २००८मध्ये बंद व्हायचा होता, पण पेट्रोल महाग झाल्यावर छोट्या पिकअपची मागणी टिकून राहिली. मुदत एकदा वाढली, मग पुन्हा वाढली आणि २०११वर आली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. ज्या गाडीत वर्षानुवर्षे पैसा घातला नाही, जिची जाहिरात जवळपास थांबली होती, तिलाही लोक सोडायला तयार नव्हते. शेवटच्या वर्षी, २०११मध्ये, विक्री उलट वाढून ७० हजारांवर गेली. सर्वात स्वस्त रेंजर तेव्हा साधारण १८ हजार डॉलरला मिळत होती.

आता दुसऱ्या रेंजरची गोष्ट. उत्तर अमेरिकेबाहेर १९९८पासून रेंजर नावाने जी पिकअप विकली जात होती, तिचा अमेरिकी रेंजरशी नावापलीकडे संबंध नव्हता. ती माझदाच्या घडणीची आणि थायलंडमध्ये बनणारी गाडी होती. २००६मध्ये ॲलन मुलाली कंपनीचे प्रमुख झाले आणि त्यांनी ‘वन फोर्ड’ हे धोरण आणले, म्हणजे जगभर शक्य तिथे एकच गाडी. टी६ हे सांकेतिक नाव असलेली नवी रेंजर ऑस्ट्रेलियातल्या फोर्डच्या अभियंत्यांनी घडवली आणि ऑक्टोबर २०१०मध्ये सिडनीच्या मोटार प्रदर्शनात ती दाखवली गेली. थायलंड, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना इथे ती बनू लागली. भारतात ही पिकअप आली नाही, पण २०१६मध्ये आपल्याकडे आलेली दुसऱ्या पिढीची एन्डेव्हर याच टी६च्या पायावर उभी होती. पुणे-मुंबई रस्त्यावर एन्डेव्हर पाहिलेल्याला टी६च्या आकाराचा अंदाज सहज येईल.

आकाराचेच कारण फोर्डने अमेरिकेसाठी पुढे केले. टी६ ही एफ-१५०च्या ९० टक्के आकाराची आहे, मग दोन्ही शेजारी शेजारी कशाला ठेवायच्या, असा युक्तिवाद होता. त्यात तथ्य होते. एफ-१५०ला नुकतेच टर्बो व्ही-६ इंजिन मिळाले होते आणि ॲव्हरेजमधले अंतर आटले होते. पण न बोललेला भाग असा, की स्वस्त रेंजर आली असती तर तिने एफ-१५०चेच गिऱ्हाईक पळवले असते. आयात करावी तर २५ टक्के कर, अमेरिकेत बनवावी तर नव्या कारखान्याचा खर्च. त्यात इंधन-कार्यक्षमतेचे नवे नियम आले. या नियमांत गाडीने किती ॲव्हरेज द्यायचे हे तिच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरते. क्षेत्रफळ जितके लहान तितकी अट कडक. कामाची चेसिस आणि चौकोनी तोंड असलेल्या छोट्या पिकअपला ही अट जड जाते, मोठ्या पिकअपला सवलत मिळते. इंधन वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने लहान ट्रकची वाट अवघड करावी, हे मला आजही पटत नाही.

रिकाम्या होणाऱ्या या जागेवर मुंबईच्या महिंद्रचाही डोळा होता. छोटी डिझेल पिकअप अमेरिकेत विकायची योजना तिने आखली, जॉर्जिया राज्यातल्या ग्लोबल व्हेइकल्स या वितरकाशी करार केला. २०१०मध्ये हा करार मोडला, प्रकरण कोर्टात गेले आणि पिकअप अमेरिकेच्या शोरूमपर्यंत पोचलीच नाही. नव्वदच्या दशकात याच महिंद्रबरोबर भागीदारी करून फोर्डने नाशिकला एस्कॉर्ट बनवली होती.

डॉजची डकोटा २०११मध्ये, जुनी शेव्हरोले कोलोराडो २०१२मध्ये गेली. छोट्या पिकअपचा बाजार संपला, असे तेव्हा म्हटले जात होते. पण टॅकोमाचा खप वाढत गेला आणि जनरल मोटर्सने २०१४मध्ये नवी कोलोराडो आणल्यावर तीही खपली. मग फोर्डमध्ये हालचाल सुरू झाली. मिशिगन राज्यातल्या वेन इथल्या कारखान्यात फोकस ही मोटार बनत होती. २०१५मध्ये कंपनीने ती तिथून हलवायचे जाहीर केले आणि कामगारांपुढे प्रश्न उभा राहिला, की पुढे बनवायचे काय. उत्तर निघाले रेंजर आणि ब्रॉन्को ही एसयूव्ही. जानेवारी २०१७मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात त्याची अधिकृत घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०१८मध्ये वेनमधून पहिल्या रेंजर बाहेर पडू लागल्या. २७० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, दहा गिअर, जवळपास ३,४०० किलोचा ट्रेलर ओढायची ताकद. गाडी दणकट होती, पण आत शिरल्यावर तिचे वय जाणवे. जी टी६ २०११मध्ये नको म्हटली, तीच सात वर्षांनी डागडुजी करून अमेरिकेला मिळाली होती. जागतिक रेंजरची पुढची पिढी २०२१च्या अखेरीस दाखवली गेली. अमेरिकेला ती २०२४चे मॉडेल म्हणून मिळाली. याच पिढीच्या पायावर फोक्सवॅगनची अमारोक बनते. ज्या कंपनीवर १९६३चा कर रोखला होता, तिची पिकअप आता फोर्डच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कारखान्यात तयार होते.

जुन्या रेंजरच्या गिऱ्हाइकाला हवी होती ती गाडी जून २०२१मध्ये समोर आली. तिचे नाव मॅव्हरिक. तिला स्वतंत्र चेसिस नाही, मोटारीसारखी एकसंध बांधणी आहे. चार दारे, साडेचार फुटांचा हौदा. सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरला पाच डॉलर कमी, आणि त्या किमतीत हायब्रिड इंजिन. शहरात लिटरला जवळपास १८ किलोमीटर ॲव्हरेज देणारी पिकअप अमेरिकेने पाहिली नव्हती. मागणी इतकी आली की जानेवारी २०२२मध्ये कंपनीला त्या वर्षीच्या मॉडेलची नोंदणी थांबवावी लागली. छोट्या पिकअपला गिऱ्हाईक नाही हे दहा वर्षे ऐकवले गेलेले वाक्य त्या एका हिवाळ्यात खोटे ठरले.

मॅव्हरिक स्वस्त ठेवता आली, कारण ती मेक्सिकोत हेर्मोसिलो इथे, आधीच बनलेल्या पायावर आणि चालू कारखान्यात तयार होते, आणि मेक्सिकोशी असलेल्या व्यापार करारामुळे तिला कोंबडी कर लागत नव्हता. हाच करार २०२५मध्ये अपुरा पडला. अमेरिकेने आयात गाड्यांवर नवा २५ टक्के कर लावला आणि मे महिन्यात फोर्डने मेक्सिकोत बनणाऱ्या गाड्यांच्या किमती वाढवल्या. मॅव्हरिकची सुरुवातीची किंमत त्याआधीच २६ हजार डॉलरच्या वर गेली होती. कराची ही भिंत फोर्डलाही अधूनमधून लागते. तुर्कस्तानातून मालवाहू व्हॅन आणताना प्रवासी गाडी भासावी म्हणून तात्पुरत्या मागच्या सीट बसवल्याचा आरोप कंपनीवर होता, आणि ते प्रकरण २०२४मध्ये तिने ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवले.

ऑगस्ट २०२५मध्ये फोर्डचे प्रमुख जिम फार्ले यांनी पुढची योजना लुईव्हिलच्या कारखान्यात उभे राहून सांगितली, म्हणजे पहिली रेंजर जिथे बनली तिथेच. नव्या पायावरची मध्यम आकाराची विजेवरची पिकअप २०२७मध्ये येणार, किंमत ३० हजार डॉलरच्या आसपास, बॅटरी मिशिगनमध्ये बनलेली लिथियम आयर्न फॉस्फेटची. लुईव्हिलमध्ये सुमारे दोन अब्ज डॉलर घालायचे ठरले आहे. ही पिकअपही चार दारांची असेल. फोर्डच्या अमेरिकी यादीत दोन दारांची, एका बाकाची, लांब हौद्याची छोटी पिकअप आता एकही नाही. सिंगल केबिनची रेंजर घ्यायची तर ती ऑस्ट्रेलियात किंवा दक्षिण आफ्रिकेत मिळते.