कॅलिफोर्नियात मुलाला ‘कॅस्प’मधून सूट हवी असेल तर

वसंत ऋतू आला की इथल्या शाळांत ‘कॅस्प’ची, म्हणजे राज्याच्या परीक्षेची, गडबड सुरू होते. इंग्रजी आणि गणित तिसरी ते आठवी आणि मग अकरावीला. विज्ञान पाचवीत, आठवीत आणि हायस्कूलमध्ये एकदा. ही परीक्षा मुलाने देऊ नये असं वाटत असेल, तर शाळेला एक पत्र पुरतं.

राज्याच्या शिक्षण संहितेचं कलम ६०६१५ स्पष्ट आहे: आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकांनी लेखी विनंती केली की शाळेला ती मान्य करावीच लागते. कारण सांगायचं बंधन नाही. सूट सगळ्या परीक्षेतून मागा, नाहीतर फक्त गणितातून. साधं, इंग्रजीत लिहा: ‘माझी मुलगी अमुक, इयत्ता पाचवी, हिला कलम ६०६१५ नुसार या शैक्षणिक वर्षात कॅस्पच्या गणित आणि विज्ञानाच्या परीक्षांतून वगळावं.’ खाली सही, तारीख. मुख्याध्यापकांना द्या आणि एक प्रत जपून ठेवा, कारण पत्र एका वर्षापुरतंच चालतं; पुढच्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. परीक्षा सुरू झाल्यावर दिलंत, तर तोवर सोडवलेल्या पेपरचे गुण लागतात आणि घरीही येतात.

पालकांनी सूट घ्यावी असा आग्रह करायला शिक्षकांना नियमानेच मनाई आहे. म्हणून ते आपणहून काही बोलले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. माहिती विचारा, ती देता येते.

आता आपल्या घरांचा खरा प्रश्न. शाळेत नाव घालताना एक फॉर्म भरून घेतात. पहिलाच प्रश्न असतो, मूल बोलायला लागलं तेव्हा कोणती भाषा शिकलं? तिथे ‘मराठी’ लिहिलं की साधारणपणे तीस दिवसांच्या आत ‘एल्पॅक’ ही इंग्रजीची चाचणी होते, आणि तिच्यातून पालकांना सूट मागता येत नाही. ती टाळायला काही जण ‘इंग्लिश’ लिहितात. कृपा करून तसं करू नका. इंग्रजी चांगलं येणारं मूल त्या पहिल्या चाचणीतच मोकळं होतं. ज्याला येत नाही त्याला त्यामुळेच मदतीचा हक्क मिळतो.

अकरावीला मात्र पत्र देण्याआधी मुलाशी बोला. ‘कॅल स्टेट’ ही राज्याची सरकारी विद्यापीठं पहिल्या वर्षाचे इंग्रजी-गणिताचे वर्ग ठरवताना हे गुणही बघतात.